चतुरंगांतील धनुर्धर व घोडा

बुद्धिबळाच्या पटावर राजा आहे, वजीर आहे, हत्ती, उंट, घोडा व प्यादें हींही आहेत. धनुर्धर मात्र नाहीं. ज्या देशांत युद्धविद्येलाच धनुर्वेद असें नांव पडलें, त्या देशांत निर्माण झालेल्या युद्धक्रीडेंत धनुष्य धारण करणारें एकही मोहरें असूं नये, ही गोष्ट चमत्कारिक आहे. ती इतकी डोळ्यांसमोरची आहे कीं, तिजकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. माझेंही गेलें नव्हतें. तें जाण्यास एक अगदीं अर्वाचीन खेळ कारण झाला, आणि त्या खेळाची हकीकत प्रथम सांगितल्यावांचून पुढील विवेचन नीट समजणार नाहीं. म्हणून जुन्या कागदांच्या वाचकांनीं क्षणभर धीर धरावा.

माझा भाचा ‘माउंट अँड ब्लेड : बॅनरलॉर्ड’ नांवाचा संगणकावरील खेळ खेळत असतो. तुर्कस्तानांतील अंकारा येथील टेलवर्ल्ड्स या संस्थेनें तो तयार केला. मार्च २०२० मध्यें तो अपुऱ्या स्वरूपांत लोकांच्या हातीं आला व ऑक्टोबर २०२२ मध्यें पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला. त्यांत ‘कॅप्टन’ नांवाचा एक प्रकार आहे. दोन पक्ष, प्रत्येक पक्षांत सहा खेळाडू, प्रत्येक खेळाडूच्या हाताखालीं एक तुकडी. तुकडी पायदळाची घ्यावयाची, तिरंदाजांची घ्यावयाची कीं घोडदळाची, हें ज्यानें त्यानें आरंभीं ठरवावयाचें. कसलेले व भारी शस्त्रांचे शिपाई घेतले तर ते संख्येनें थोडे मिळतात. हलके घेतले तर पुष्कळ मिळतात. नायक स्वतः तुकडीबरोबर लढतो आणि थांबणें, मागें येणें, ढालींची भिंत करणें, तुटून पडणें अशा आज्ञा देतो. मैदानांत निशाणें रोविलेलीं असतात. तीं ज्या पक्षाच्या ताब्यांत, त्याच्या शत्रूचा धीर हळू हळू खचत जातो. कांहीं वेळानें हीं निशाणें कमी करण्यांत येतात, म्हणजे दोन्ही पक्षांस एकाच जागीं येऊन भिडणें भाग पडतें.

या निशाणांचें प्रयोजन काय, असें मीं विचारलें. भाचा म्हणाला, “मामा, निशाणें नसलीं तर घोड्यावरचे तिरंदाज दिवसभर दुरून बाण मारीत राहतील आणि जवळ कधीं येणारच नाहींत.” नंतर त्यानें आपल्या मंडळींतील एक जुना वाद मला सांगितला. कित्येकांचें म्हणणें असें कीं घोडदळ फार प्रबळ करून ठेविलें आहे. एकदां तें तिरंदाजांच्या तुकडींत घुसलें कीं तुकडी संपली. दुसऱ्यांचें म्हणणें याच्या उलट : चांगले तिरंदाज टेकाडावर उभे राहिले तर घोडेस्वार पोहोंचण्यापूर्वींच निम्मे होतात. “तुमच्या पोथ्यांत याचा कांहीं निकाल आहे का?” असें त्यानें मला विचारलें. मीं विचार न करतां उत्तर दिलें कीं, हा निकाल दीड हजार वर्षांपूर्वींच चतुरंगांत लागलेला आहे, तेथें पाहा. तो गेल्यावर पट काढून बसलों, तेव्हां त्यावर धनुर्धरच नाहीं हें ध्यानांत आलें. म्हणजे माझें उत्तर चुकलें. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती होय.

चतुरंग या शब्दाचा अर्थच मुळीं चार अंगांची सेना असा आहे : हत्ती, घोडे, रथ व पायदळ. सातव्या शतकांतील बाणभट्टानें हर्षचरितांत चतुरंग व अष्टापद यांवर कोटी केली आहे, तेव्हां त्या काळीं हा खेळ त्याच्या श्रोत्यांस परिचित होता यांत संशय नाहीं. परंतु हीं चार अंगें कोणत्या तत्त्वावर पाडलीं आहेत? शस्त्रावर नव्हे. शिपाई कशावर बसून अथवा कसा उभा राहून लढतो, म्हणजे वाहनावर, ही विभागणी आहे. महाभारताच्या आदिपर्वांत व अमरकोशांत पत्तीचें मान दिलें आहे : एक हत्ती, एक रथ, तीन घोडे व पांच पाइक. तेंच वाढवीत नेलें म्हणजे अक्षौहिणी होते. तिच्यांत २१,८७० हत्ती, तितकेच रथ, ६५,६१० घोडे व १,०९,३५० पाइक. या सबंध हिशेबांत धनुष्यें किती हें कोठेंही सांगितलेलें नाहीं. तें सांगण्याची गरजच नव्हती. कारण धनुष्य चारही अंगांत पसरलेलें होतें. रथी म्हणजे बहुधा धनुर्धरच. मेगॅस्थेनीसाच्या वृत्तांतावरून स्ट्रॅबो सांगतो कीं, हत्तीवर माहुताखेरीज तीन तिरंदाज बसत. पोरसाच्या एकेका रथांत सहा माणसें होतीं व त्यांपैकीं दोन धनुर्धर होते, असें कर्टिअसानें लिहिलें आहे. आणि एरिअनानें हिंदी पायदळाच्या धनुष्याचें वर्णन केलें आहे तें प्रसिद्धच आहे : पुरुषभर उंचीचें धनुष्य जमिनीवर टेकवून, डाव्या पायानें दाबून, दोरी मागें ओढावयाची, त्या बाणापुढें ढाल टिकत नाहीं आणि चिलखतही टिकत नाहीं.

सारांश, धनुर्धर पटावरून हरवला नाहीं; तो रथांत, हत्तीच्या पाठीवर व प्याद्याच्या हातीं वांटला गेला. हें एक कारण. दुसरें कारण खेळाच्या घडणींतच आहे. चतुरंगांत मोहरें मारतें तें मारलेल्याच्या घरांत जाऊन बसतें. मारणें आणि पुढें सरकणें हीं एकच क्रिया आहे. धनुर्धराची तऱ्हा याच्या अगदीं विरुद्ध. तो मारतो, पण जागा सोडीत नाहीं. त्याला पटावर घ्यावयाचें तर त्याच्यापुरता निराळा कायदा करावा लागता. चिनी बुद्धिबळांत ‘पाओ’ म्हणून एक मोहरें आहे. तें मध्यें एका मोहऱ्यावरून उडी घेऊन पलीकडचें मारतें. दूरच्या माऱ्याची ही एक युक्ति म्हणतां येईल. पण तेंही शेवटीं मारलेल्याच्याच घरीं जाऊन बसतें. त्याच खेळांतील घोड्याविषयीं मात्र एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपल्या घोड्याला मध्यें कोणी आलें तरी तो उडी मारून जातो. चिनी घोड्याच्या लगत एखादें मोहरें असलें तर त्या दिशेस त्याची चाल बंद होते. पायांत खोडा पडलेल्या घोड्यासारखी त्याची स्थिति होते. दाट पायदळापुढें घोडदळाचें काय होतें, हें आमच्या पटापेक्षां चिनी पटावर अधिक खरें उतरलें आहे, असें मला वाटतें.

आतां भाच्याच्या प्रश्नाकडे वळूं. पटानें उत्तर दिलें नाहीं तरी पोथीनें दिलें आहे, आणि ती पोथी कौटिल्याच्या अर्थशास्त्राची. १९०५ मध्यें म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं ही हस्तलिखित प्रत आली व १९०९ मध्यें त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली, हें येथील वाचकांस सांगावयास नको. तिच्या दहाव्या अधिकरणांत व्यूहरचनेचा विचार आहे. तेथें धनुर्धराचा उल्लेख स्वतंत्रपणें येतो, आणि तो ज्या संदर्भांत येतो तो मोठा मार्मिक आहे. पांच अरत्नींचें एक धनुष्य हें माप धरून धनुर्धर एका धनुष्याच्या अंतरावर, घोडा तीन धनुष्यांच्या अंतरावर आणि रथ किंवा हत्ती पांच धनुष्यांच्या अंतरावर उभा करावा, असें तेथें सांगितलें आहे. अंगुळ पाऊण इंचाचा धरला तर धनुर्धराच्या वांट्यास साडेसात फूट व घोड्याच्या वांट्यास साडेबावीस फूट जागा येते. लगेच पुढें प्रतियोद्ध्यांची संख्या दिली आहे : एका घोड्यास तीन पुरुष, एका रथास अथवा हत्तीस पंधरा पुरुष व पांच घोडे, आणि तितकेच पादगोप, म्हणजे वाहनाच्या पायांचें रक्षण करणारे शिपाई.

या दोन वाक्यांचा एकत्र विचार करावा. एका घोड्याला तीन माणसांइतकी रुंदी लागते आणि त्याच्याशीं तीन माणसें लढावयाचीं. हें गणित कोणी हवेंतून काढलेलें नाहीं. घोडा ज्या जागेवर येऊन आदळणार, त्या जागेंत जितकीं माणसें मावतात तितकीं त्याच्या वांट्यास दिलीं आहेत. बॅनरलॉर्डच्या कर्त्यांनीं भारी तुकडीस थोडे शिपाई व हलक्या तुकडीस पुष्कळ शिपाई देऊन तोल साधण्याचा जो प्रयत्न केला, तो तत्त्वतः हाच होय.

याच ठिकाणीं एक योगायोग नमूद करून ठेवितों. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बेरूनीनें हिंदुस्थानांतील चौघांनीं खेळावयाच्या चतुरंगाचें वर्णन लिहिलें. हा खेळ दोन फांशांनीं खेळत. डाव संपल्यावर पणांतील वांटा ठरविण्याकरितां मोहऱ्यांस किंमती असत : राजाला पांच, हत्तीला चार, घोड्याला तीन, रुखाला दोन व प्याद्याला एक. येथेंही घोडा म्हणजे तीन प्यादीं. आज युरोपीय पद्धतीनें बुद्धिबळ खेळणारेही घोड्याची किंमत तीन प्यादीं अशीच धरतात. अर्थशास्त्रापासून अल्-बेरूनीपर्यंत व तेथून आजपर्यंत ही परंपरा अखंड चालत आली, असें मात्र कोणी म्हणूं नये. अल्-बेरूनीचे आंकडे पणाच्या वांटणीचे आहेत, बळाचे नव्हेत; त्यांत रथाच्या जागीं आलेला रुख घोड्याहून स्वस्त आहे, तो अर्थशास्त्रांत पांच पट महाग आहे. असल्या जुळत्या आंकड्यांवरून वंशावळी जोडण्याचा मोह आपल्या मंडळींस फार होतो, म्हणून ही सूचना.

चौघांच्या खेळाचा उल्लेख आलाच आहे तर त्याविषयीं थोडें सांगतों. सोळाव्या शतकांतील बंगाली स्मार्त रघुनंदन याच्या तिथितत्त्वांत तो व्यास-युधिष्ठिरसंवादाच्या रूपानें आला आहे. तेथें रथाच्या जागीं नौका आहे. सर विल्यम जोन्स यानें १७९० मध्यें त्याच उताऱ्यावरून आपला निबंध लिहिला. पुढें कित्येकांनीं चौघांचा खेळ हाच मूळचा व दोघांचा त्यापासून निघालेला, असा सिद्धान्त मांडला. तो मरे यानें आपल्या १९१३ च्या बुद्धिबळाच्या इतिहासांत खोडून काढला. मरेचें म्हणणें मला मान्य आहे. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें चौघांच्या खेळाचें महत्त्व निराळें आहे. त्यांत प्रत्येकाजवळ लहानसें सैन्य असतें, समोरासमोरचे दोघे सोबती असतात, आणि सोबत्याचें बळ व आपलें बळ यांचा मेळ घालावा लागतो. सहा नायक व सहा तुकड्या यांच्या खेळांत जो मुख्य पेंच आहे, तो येथें बीजरूपानें दिसतो. महाराष्ट्राच्या बाजूनें पाहतां दोन ग्रंथ ध्यानांत ठेवावे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा मानसोल्लास, शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा, ज्यांत राजाच्या विनोदांमध्यें चतुरंग आहे. आणि मूळच्या पैठणच्या पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठाचा भगवंतभास्कर, ज्यांत सतराव्या शतकांतील खेळाचें वर्णन आहे. दोन्हींत घोडा आहे. धनुर्धर दोन्हींत नाहीं.

अर्वाचीन खेळांत मात्र धनुर्धर हें स्वतंत्र अंग झालें, आणि झाल्याबरोबर त्याचा तोल कसा राखावा ही पंचाईत उभी राहिली. ती सोडविण्यास बहुतेक खेळकर्त्यांनीं एक त्रिकोण काढला : घोडा तिरंदाजास खातो, भालाईत घोड्यास खातो, तिरंदाज भालाइतास खातो. हा त्रिकोण लहान मुलांस शिकविण्यास सोयीचा आहे. इतिहासांत तो कोठेंही नाहीं. तेच तिरंदाज, तेच घोडेस्वार, पण निकाल उलट, अशीं उदाहरणें हवीं तितकीं दाखवितां येतील. दोन पुरेशीं आहेत.

२५ ऑक्टोबर १४१५ रोजीं अजिंकूर येथें फ्रेंचांनीं इंग्रज तिरंदाजांस तुडविण्याकरितां दोन्ही बगलांवर घोडदळ योजिलें होतें. तें बेताप्रमाणें पुरेसें जमलेंच नाहीं; दोहों बाजूंस झाडी असल्यामुळें त्यास वळसा घेतां येईना; नांगरलेली जमीन पावसानें चिखल झालेली; आणि तिरंदाजांपुढें टोंकदार खुंट रोविलेले. घोडे परत फिरले ते आपल्याच पायदळांत घुसले. पुढें १८ जून १४२९ रोजीं पाते येथें तीच इंग्रज धनुष्यें व तेच खुंट होते. पण खुंट रोवून होण्यापूर्वींच फ्रेंचांची आघाडी त्यांच्यावर येऊन पडली आणि इंग्रजांचा पुरा मोड झाला. दोन लढायांमध्यें चौदा वर्षें गेलीं. या अवधींत घोडा बदलला नव्हता, धनुष्यही बदललें नव्हतें. बदलला तो तिरंदाजांस मिळालेला वेळ.

या वेळेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सरावलेला इंग्रज तिरंदाज मिनिटास दहा बाण सोडी, आणि त्याच्या जुडींत चोवीस बाण असत. चिलखती घोडेस्वार तासास चौवीस किलोमीटरच्या वेगानें येतो असें धरलें तर दोनशें मीटर अंतर तोडण्यास त्यास अर्धें मिनिट लागतें. तेवढ्यांत एका तिरंदाजाचे पांच बाण सुटतात. त्यांतले पहिले दोन दुरून जाणार, शेवटचा हात कांपत असतां सुटणार. म्हणजे उघड्या मैदानांत एकटा तिरंदाज एकट्या स्वारास थांबवूं शकेल, ही गोष्ट कठीणच. पण चिखलानें वेग निम्मा केला कीं बाण दहा होतात, आणि खुंटानें घोडा अडला कीं मोजदादच संपते. उलट पक्षीं, तिरंदाजांनीं सारखा मारा चालविला तर चोवीस बाण अडीच मिनिटांत सरतात. मग त्यांच्या हातीं नुसती काठी उरली. तोल आहे तो जमीन, वेळ व भाता या तिहींमध्यें. शस्त्राच्या जातींत तो नाहीं.

आपल्याकडचें उदाहरण वितस्तेच्या कांठचें. इ. स. पू. ३२६ मध्यें एरिअनाच्या म्हणण्याप्रमाणें पोरसाजवळ ३०,००० पायदळ, ४,००० घोडे, ३०० रथ व २०० हत्ती होते. अलेक्झांडरनें नदी उतरविलेलें सैन्य ५,००० घोडे व ६,००० पायदळ. वर ज्या पुरुषभर धनुष्याची कीर्ति सांगितली, तें त्या दिवशीं निरुपयोगी ठरलें. कारण जमीन पावसानें निसरडी झालेली, धनुष्याचें टोंक टेकवावयास ठाव मिळेना, आणि तें स्थिर होईपर्यंत शत्रू अंगावर येई, असें कर्टिअस लिहितो. रथांचीं चाकेंही चिखलांत रुतलीं. अलेक्झांडरनें पोरसाच्या डाव्या बगलेवर प्रथम सुमारें एक हजार घोडेस्वार तिरंदाज सोडले, आणि त्यांच्या बाणांनीं रांगा विस्कळित होतांच मागून स्वतः भालाईत घोडदळ घातलें. अजिंकूर येथें ज्या चिखलानें घोडा मारला, त्यानेंच वितस्तेच्या कांठीं धनुष्य मारलें. चिखल कोणाच्या बाजूचा, हें आधीं पाहावें लागतें!

घोड्यावरील तिरंदाज हा तर दोन्ही अंगांचा संकर, आणि म्हणूनच खेळकर्त्यांची सर्वांत मोठी डोकेदुखी. इ. स. पू. ५३ मध्यें कार्‍हे येथें पार्थियन सेनापति सुरेना यानें क्रॅससाच्या सात लेगिअनांस याच बळावर बुडविलें. रोमन लोक आशा करीत होते कीं यांचे बाण केव्हां तरी संपतील. परंतु मागें बाणांनीं लादलेले उंट उभे होते. क्रॅससाचा पुत्र चिडून १,३०० घोडे, ५०० तिरंदाज व आठ कोहोर्ट घेऊन पाठलागास निघाला, मुख्य सैन्यापासून तुटला आणि कापला गेला. प्लुटार्कानें मेलेल्यांची संख्या २०,००० व पकडलेल्यांची १०,००० दिली आहे. सुरेनाजवळ एक हजार चिलखती भालाईतही होते, ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. रोमनांनीं पांगावें तर भालाईत येणार, दाटीनें उभें राहावें तर बाण येणार. या कात्रींत ते सांपडले. ११९२ च्या तराईच्या दुसऱ्या लढाईंत महंमद घोरीनें हेंच केलें. मिनहाजच्या लेखाप्रमाणें हलक्या घोडेस्वारांचे दहा हजारांचे चार भाग करून त्यांनीं चोहोंकडून बाण मारावे व हत्तीघोडे चालून आले कीं मागें हटावें, अशी आज्ञा होती. शत्रू थकल्यावर राखून ठेविलेलें ताजें घोडदळ घालण्यांत आलें.

यावर उपाय नव्हता असें नाहीं. तराईच्या एकच वर्ष आधीं, ७ सप्टेंबर १११९ नव्हे तर ११९१ रोजीं (कित्येक पुस्तकांत आंकडे उलटसुलट पडतात), अर्सूफ येथें इंग्लंडचा राजा रिचर्ड यानें सलादिनाच्या घोडेस्वार तिरंदाजांस तो करून दाखविला. बाहेरून पायदळ व आडव्या धनुष्यांचे तिरंदाज, आंत घोडदळ, एका बाजूस समुद्र. आणि सांगितल्यावांचून कोणीं घोडा सोडूं नये असा सक्त हुकूम. सलादिनाचा चरित्रकार बहाउद्दीन यानें अंगांत दहा दहा बाण रुतलेले फ्रँक शिपाई तसेच चालत असलेले पाहिले. पिछाडीच्या हॉस्पिटलर सरदारांचा धीर शेवटीं सुटला आणि ते आज्ञेपूर्वींच तुटून पडले. पण तोंवर शत्रू इतका जवळ आला होता कीं घाव बरोबर बसला. क्रॅससाच्या पुत्रानें व या सरदारांनीं केलें एकच, अधीरपणा. फरक पडला तो अंतरामुळें.

मीं हीं उदाहरणें भाच्यास सांगितलीं. तो म्हणाला कीं, त्यांच्या खेळांत घोडा थकत नाहीं. हें ऐकून मला सर्व उलगडा झाला. न थकणारा घोडा हा घोडा नव्हे. जो स्वार कितीही वेळां दौड करून, फिरून, पुन्हा दौड करूं शकतो, त्याचा तोल सांभाळण्यास मग शिपायांची संख्या घटवा, निशाणें उचला, बाणाचा घाव वाढवा असे बाहेरचे उपाय करावे लागतात. खेळकर्त्यांस दोष देण्याचा हेतु नाहीं. ज्या घोड्यास मध्येंच दम लागतो, तो घोडा कोणत्या खेळाडूस आवडेल?

संख्येनें युद्ध मोजण्याचा गंभीर प्रयत्न जर्मनींत झाला. ब्रुन्सविक येथील हेल्विग यानें १७८० मध्यें बुद्धिबळाचा पट फुगवून युद्धाचा खेळ केला. पुढें प्रशियांत रायसविट्झ पितापुत्रांनीं घरें टाकून देऊन नकाशाच घेतला. पुत्राचे नियम १८२४ मध्यें छापले गेले. नकाशा १ : ८००० या प्रमाणाचा, एक चाल म्हणजे दोन मिनिटें, घाव फांशांनीं व कोष्टकांनीं ठरवावयाचा, आणि वर एक पंच. सेनाध्यक्ष म्युफ्लिंग यास हा खेळ इतका पसंत पडला कीं त्यानें सैन्यांत त्याची शिफारस केली. बिचाऱ्या रायसविट्झानें १८२७ मध्यें आत्महत्या केली. त्याच्या काळीं धनुष्य युरोपच्या रणांगणांतून गेलेलें होतें, त्यामुळें आपल्या प्रश्नास त्याच्या कोष्टकांत उत्तर नाहीं. परंतु त्यानें पंच नेमला ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. जमीन, वेळ व थकवा यांचा निवाडा कोष्टकाच्या आवांक्यांतला नाहीं, तो जाणत्या माणसानेंच करावा, हें त्यानें ओळखलें होतें. १९९० मध्यें फिल बार्कर वगैरे इंग्रज मंडळींनीं ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नांवानें प्राचीन युद्धांचे नियम बसविले, त्यांत प्रत्येक पक्षास बाराच तुकड्या आहेत. आणि तिरंदाजांची तुकडी घोडदळाविरुद्ध पायदळापेक्षां अधिक बलवान धरली आहे. म्हणजे वरच्या त्रिकोणाच्या बरोबर उलट! दोन्ही खेळ जाणत्या लोकांनींच केले आहेत.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख येथें देत आहें ती सांगतों. बॅनरलॉर्डमधील हे आंकडे, म्हणजे कोणत्या तुकडींत किती शिपाई, बाणाचा घाव किती, घोड्याचा वेग किती, हे कर्त्यांनीं वेळोवेळीं बदलले. नवी दुरुस्ती आली कीं खेळणाऱ्यांच्या यंत्रांतील जुना पाठ पुसला जातो आणि त्याच्या जागीं नवा बसतो. भाच्यानें ज्या वर्षीं वाद केला त्या वर्षींचे आंकडे कोणते, हें आज त्यालाही नक्की सांगतां येत नाहीं. वाद उरला, वादाचा विषय गेला. महाभारताच्या संशोधित आवृत्तीकरितां भांडारकर संस्थेच्या पंडितांनीं १९१९ पासून १९६६ पर्यंत पाठभेद जुळविले, ते जुळवितां आले याचें कारण असें कीं, नवी प्रत लिहिणारा जुनी प्रत जाळीत नव्हता. येथें नकलणारा प्रत्येक वेळीं मूळ जाळून नक्कल करतो.

आणि हा दोष एकट्या संगणकाचा नाहीं; आपलाही आहे. दप्तरें चाळतांना सनदा, महजर, जमाखर्च यांवर आपली नजर असते. मध्येंच एखादा घरें आंखलेला कागद निघतो, त्यावर हत्ती, घोडा, नाव अशीं अक्षरें असतात, तो आपण बाजूला टाकतों. बाइंडर त्यास पुठ्ठ्याच्या आंत चिकटवितो. १८१४ मध्यें मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजींत छापलें गेलें म्हणून विलासमणिमंजरी हें त्यामागील संस्कृत ग्रंथाचें नांव आपल्यास ठाऊक राहिलें. छापलें गेलें नसतें तर तेंही पुठ्ठ्यांत गेलें असतें.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, ज्यांच्याजवळ चौघांच्या किंवा दोघांच्या चतुरंगाचे हस्तलिखित पट, नियमांचीं पानें अथवा मोहऱ्यांच्या किंमतींच्या यादी असतील, त्यांनीं घरें किती, कोपऱ्यांत हत्ती आहे कीं रथ कीं नौका, घोड्याची किंमत किती लिहिली आहे, आणि एखाद्या मोहऱ्याच्या हातीं धनुष्य काढलें आहे काय, एवढें टिपून पानाच्या मापासह कळवावें. पान फाटकें असलें तरी चालेल. ज्यांच्या घरीं मुलें असे खेळ खेळत असतील, त्यांनीं त्यांजकडून आजच्या तारखेचे आंकडे एका वहींत लिहवून, वर तारीख व खेळाच्या आवृत्तीचा क्रमांक घालून ठेवावा. माझ्या भाच्यानें अशी वही केली आहे. पहिल्या पानावर घोडदळ, दुसऱ्यावर तिरंदाज, आणि समासांत, घोडा थकत नाहीं, एवढी टीप.